तीन नमुने आणि एक गुडघा

हेप्टेन म्हणजे शून्य. आयसो-ऑक्टेन म्हणजे शंभर. बाकी सगळं पेट्रोल या दोघांच्या मधे कुठेतरी.

*

एका घरात चहा कसा झालाय हे ठरवायला तीन कप लागतात. एक मुद्दाम पाणचट, एक मुद्दाम कडू आणि एक खरा. नवरा तिन्हींचा एकेक घोट घेतो आणि म्हणतो, "बासष्ट." बायको म्हणते, "उरलेले दोन कोण पिणार?"

*

स्क्रूड्रायव्हर. पिवळी मूठ. मुठीवर दातांचे वळ.

*

"एक्क्याण्णव अधिक तीस?"

"एकशे एकवीस."

"चूक."

"अहो, पहिलीतली बेरीज आहे!"

"चूक म्हणजे चूक."

*

गॅरेजमधला फळा: 'डोळे गेले की वेल्डिंग बंद. हात थरथरला की रंगकाम बंद. कंबर गेली की गाडीखाली शिरणं बंद. वयाचा मान घरी.'

*

वाटाणे. सुके. अर्धी वाटी. पत्र्याच्या डब्यात.

*

आता एवढा पसारा मांडलाच आहे, तर मधला माणूसही आणून बसवू. बसवायचं ते खुर्चीतच, कारण सगळी भानगड त्या खुर्चीची.

त्यांना कानसाहेब म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी इंधनाच्या प्रयोगशाळेत काढली. काम एकच. छातीएवढ्या उंचीचं एका सिलिंडरचं इंजिन, त्यात आलेलं पेट्रोल जाळायचं आणि नॉकिंग ऐकायचं. नॉकिंग म्हणजे काय, तर पेट्रोलचा उतावीळपणा. ठिणगी पडायच्या आधी किंवा ठिणगीचं ऐकून न घेता ते स्वतःच कुठेतरी पेटतं आणि इंजिनाच्या आत कुणी खिळ्याने टकटक केल्यासारखा आवाज येतो. ऑक्टेनचा आकडा हा पेट्रोलच्या ताकदीचा नव्हे, सहनशक्तीचा. दाबाखाली किती वेळ गप्प बसतं, त्याचा. कानसाहेब आलेल्या नमुन्याच्या एका बाजूला ठाऊक असलेलं हलकं इंधन ठेवायचे, दुसऱ्या बाजूला ठाऊक असलेलं भारी, आणि नमुना दोघांच्या मधे नेमका कुठे बसतो ते ऐकून सांगायचे.

ही सवय अंगात मुरली. चहा तसाच, भाजीतलं मीठ तसंच. धाकट्या मुलीला स्थळ आलं तेव्हा मुलाला त्यांनी शेजारचा विमा एजंट आणि स्वतःचा मेहुणा यांच्या मधे बसवून पाहिलं. "विम्यापेक्षा कमी बोलतो, मेहुण्यापेक्षा जास्त धावपळ करतो. चालेल." धावपळीचा अंदाज बरोबर निघाला.

थोरली मुलगी गॅरेज चालवायची. तिला गिऱ्हाइकांपासून आईपर्यंत सगळे ताई म्हणत. टर्बोच्या गाड्या हा तिचा हातखंडा. टर्बो म्हणजे गच्च भरलेल्या बसमध्ये आणखी दहा माणसं कोंबणारा कंडक्टर. इंजिनात तो इतकी हवा कोंबतो की आतल्या पेट्रोलच्या सहनशक्तीची परीक्षाच. त्यामुळे ताईच्या गॅरेजात ऑक्टेनची चर्चा रोजची, आणि शनिवारी तर कानसाहेब स्वतः हजर. भंगारातल्या एका गाडीची ड्रायव्हरची सीट ताईने लाकडी चौकटीवर बोल्टांनी बसवली होती. कानसाहेबांची खुर्ची. बाप पाठ टेकून बसायचा, आणि गिऱ्हाईक गाडी चालू करून अदबीने विचारायचं, "जरा ऐकता का?"

ते ऐकायचे. पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ दातांत धरायचे आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाइकांना वाटे, काय ही पद्धत! काय ही जुनी विद्या!

विद्या कसली डोंबलाची. कान गेले होते. जाड आवाज यायचे, समोरच्याचे ओठ दिसले तर बोलणंही कळायचं, पण बारीक आवाज साफ बंद. किल्ल्यांची खुळखुळ, घड्याळाची टिकटिक, नॉकिंगची टकटक, सगळं गेलं. हाडांतून थोडं यायचं, म्हणून तो स्क्रूड्रायव्हर. हे ठाऊक होतं फक्त बायकोला. ती म्हणायची, "मला काय फरक पडतो? कान होते तेव्हा तरी कुठे ऐकत होतात?"

ताईला कळलं तर खुर्ची जाणार हे कानसाहेबांना पक्कं ठाऊक होतं. फळ्यावरचे नियम शोभेचे नव्हते. नजर अधू झाल्यावर तिच्या वेल्डरला, ज्याच्या खांद्यावर बसून ती लहानपणी फिरली होती, त्यालाही तिने हातात फुलं देऊन घरी बसवलं होतं. शनिवार गेला तर कानसाहेबांच्या आठवड्यात उरलं काय? सहा दिवस, आणि सहाही सारखेच.

*

जावई आला तो बाटली नाचवतच. लाल बाटली, वर ज्वाळांचं चित्र, नाव 'ज्वाला-३०'. एजन्सी मिळाली होती.

"बाबा, एक बाटली टाकली की ऑक्टेन तीस पॉइंट वर! साधं एक्क्याण्णवचं पेट्रोल घ्या, बाटली टाका, एकशे एकवीस!"

"एकशे एकवीसवर विमान उडतं," कानसाहेब म्हणाले. "दहा पॉइंटांचा एक आकडा होतो. तीस पॉइंट म्हणजे तीन. तेही 'पर्यंत' लिहिलंय बघ खाली, मुंगीच्या अक्षरात. 'पर्यंत' म्हणजे एकही चालतो."

जावयाने मुंगी शोधली. सापडली. चेहरा पडला, पण फार वेळ पडून राहील तर तो जावई कसला?

"बरं, तीन तर तीन. ऐकून सांगा ना मग! टर्बो गाडी घेऊ, पाण्याच्या टाकीमागच्या चढावर नेऊ, मी व्हिडिओ काढतो. कानसाहेबांनी स्वतःच्या कानाने ऐकलं म्हटल्यावर कोण शंका घेईल?"

ताई पाना पुसत उभी होती. "करायचं तर नीट करू. तीन नमुने. साधं एक्क्याण्णव, महागातलं पंचाण्णव आणि एक्क्याण्णवमध्ये बाटली, बाटलीवर लिहिलेल्या मापातच. कुठल्या कॅनमध्ये काय ते फक्त मला ठाऊक. बाबा, तुमच्या प्रयोगशाळेसारखं. चालेल?"

नाही म्हणायला तोंड उघडावं तर दोघंही त्यांच्याकडे असे बघत होते, की तोंडातून बाहेर पडलं, "चालेल की! न चालायला काय झालं?"

"आणि बाबा," जावई म्हणाला, "तो स्क्रूड्रायव्हर नको हं. व्हिडिओत कान दिसला पाहिजे. मोकळा कान."

*

वाटाण्यांकडे येऊ.

गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरात कानसाहेबांनी पत्र्याच्या डब्यात सुके वाटाणे घातले आणि डबा बायकोच्या कानाशी हलवला.

"हे नॉकिंग."

"हे वाटाणे."

"असा आवाज आला की नॉकिंग. तू मागच्या सीटवर बसायचं, माझ्या बरोबर मागे. आवाज आला की गुडघ्याने सीटला एक धक्का द्यायचा. मी मोठ्याने सांगणार. एवढंच."

"माझे कान, माझा गुडघा आणि नाव तुमचं."

"संसार म्हणजे आणखी काय असतं?"

बायकोने डबा हातातून घेतला, दोनदा हलवला, विचार केला. "आणि ताईने विचारलं, ही कशाला आली, तर?"

"सांगायचं, गाडीत बसून बरेच दिवस झाले."

"ते खोटंही नाही," ती म्हणाली.

तालीम दोन दिवस चालली. ते पाठ करून उभे राहायचे, ती डबा हलवायची आणि गुडघा मारायची. कधी नुसताच गुडघा मारायची. डबा हलला की नाही हे त्यांना कळायचा मार्ग नव्हता, आणि तिला या गोष्टीचा फार आनंद मिळत होता.

*

नमुना क

गाडी गॅरेजचीच, छोटी, पांढरी, टर्बोवाली. चालवायला ताई. शेजारी कानसाहेब, खिडकी चार बोटं उघडी, तळहात कानामागे. त्यांच्या मागे बायको, पर्स मांडीवर. तिच्या बाजूला जावई, फोन काठीवर लावलेला. ताईने स्कॅनर लावून गाडीच्या संगणकाची आठवण पुसली होती. या गाड्या मागच्या पेट्रोलचा राग पुढच्यावर काढतात, म्हणून.

चढ सुरू. ताईने तिसऱ्या गिअरमध्येच पाय दाबला. टर्बो शीळ घालू लागला, अर्थात इतरांसाठी.

गुडघा.

"हां!" कानसाहेब म्हणाले. "आलं."

(नंबर प्लेटचा एक स्क्रू ढिला होता.)

गुडघा.

"पुन्हा. स्पष्ट."

(जावयाच्या काठीचा चाप.)

वर पोचेपर्यंत दोन. "दोन," कानसाहेब म्हणाले. "साधारण पेट्रोल. लाजिरवाणं नाही, पण अभिमानाचंही नाही."

"वा!" जावई म्हणाला.

ताईने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग वहीत लिहिलं.

नमुना ख

खाली येऊन पेट्रोल उपसलं, नरसाळ्याने दुसरा कॅन ओतला, गाडी दहा मिनिटं फिरवून आणली, आठवण पुसली. चढ.

आता बायकोला सूर सापडला होता. जावयाच्या खिशातल्या किल्ल्या वाजल्या, गुडघा. दाराच्या कप्प्यात नाणं घरंगळलं, गुडघा. तिच्याच पर्सची साखळी, गुडघा. आणि गाडीखालून कुठूनतरी, इंजिन तापल्यावर, पत्रा कुरकुरावा तसा बारीक आवाज, तो चारदा. चार गुडघे. कानसाहेबांचं कंबरडं मोडायची वेळ आली.

"आलं! पुन्हा! पुन्हा! अरे देवा, हे पेट्रोल आहे की फटाके?"

"सात?" जावई मोजत होता. "सात! ख म्हणजे भिकार!"

 स्टिअरिंगवरची ताईची बोटं मात्र एकदाच वर होऊन खाली टेकली.

मध्यंतर

ताई आणि जावई कॅन बदलत होते. कानसाहेबांनी बायकोला गाडीच्या मागे गाठलं. नवराबायकोंपैकी एकाला ओठ वाचता येत असले की भांडण अगदी बिनआवाजी होतं. ते कुजबुजत, ती नुसते ओठ हलवत.

"अगं, जरा आवर! गुडघा आहे की हातोडा?"

(आवाज आला की मारायचा, असं तुम्हीच म्हणालात.)

"सात वेळा कुठे नॉकिंग होतं? डोकं वापरायचं थोडं!"

(डोकं?)

"एवढं साधं काम, तेही धड..."

इथे त्यांनी थांबायला हवं होतं. पण वाक्य अर्धं सोडलं तरी उरलेलं अर्धं पंचेचाळीस वर्षांच्या संसारात दोघांनाही पाठ असतं. बायकोने ओठ मिटले. पर्स काखेत मारली. गाडीत जाऊन बसली, आणि दोन्ही गुडघे दाराकडे वळवून त्यावर ओढणी नीट पसरली.

नमुना ग

चढ. टर्बो. कानसाहेबांनी तळहात कानामागे नेला, पाठ सीटला घट्ट लावली आणि वाट पाहिली.

काही नाही.

अर्धा चढ संपला, काही नाही. वळण आलं, काही नाही. इतकी शांतता, की चौतीस वर्षांत इतकं शहाणं पेट्रोल त्यांनी पाहिलं नव्हतं. वर पोचताच ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले, "निर्मळ. एकही नाही. याला म्हणतात इंधन!"

"ताई, ग मध्ये काय होतं?" जावयाचा आवाज चिरकला.

ताईने वही उघडली, मिटली. "बाटली," ती म्हणाली.

जावयाने मागून सासऱ्याच्या गळ्यात मिठी मारली. सगळं व्हिडिओत आलं. कोपऱ्यात खिडकीबाहेर बघत बसलेली सासू तेवढी कुणाच्या लक्षात आली नाही.

*

सोमवारी ताईने बापापुढे एक कागद ठेवला. स्कॅनरची नोंद.

"या गाडीच्या इंजिनाला स्वतःचा कान आहे, बाबा. बोटाएवढा, इंजिनावर स्क्रूने बसवलेला. नॉकिंगची नुसती चाहूल लागली की संगणक ठिणगी उशिरा देतो आणि प्रकरण तिथेच मिटवतो. आपल्याला ऐकू येईपर्यंत ते उरतच नाही. सहा वर्षं मी या गाड्यांत हात घालतेय, एकदाही ऐकलेलं नाही."

कानसाहेबांनी कागद जवळ ओढला.

"क साधं होतं. ठिणगी सहा अंश मागे घेतली. ख पंचाण्णव होतं. शून्य. ग म्हणजे बाटली. पाच." तिने बोट ठेवलं. "तुम्ही पंचाण्णवमध्ये सात ऐकले आणि बाटलीत एकही नाही."

"संगणक चुकला असेल."

"असेल."

"यंत्रच ते."

"हो ना." ती उठली. "शनिवारी पोस्टर लागणार आहे. तुमच्या जावयाने छापायला दिलंय. तुमचा फोटो, कानामागे हात. मी कितीही कागद दाखवले तरी लोक तुमच्या कानावर जाणार, माझ्या कागदावर नाही. तेव्हा तुम्ही म्हणाल ते."

ती गेल्यावर कानसाहेब बायकोसमोर जाऊन उभे राहिले.

"तिसऱ्या फेरीत आवाज आले होते?"

"आले की. चांगले आठ-नऊ."

"मग गुडघा?"

"मी रुसले होते."

"अगं, मग सांगायचं ना!"

"रुसलेलं माणूस सांगतं का?"

 कानसाहेब खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यापुढे असा नमुना आला होता, ज्याच्या दोन्ही बाजूंची इंधनं सारखीच वाईट. गप्प बसावं, तर खुर्ची राहते आणि बाटली खपते. बोलावं, तर बाटली पडते आणि खुर्ची जाते. त्यांनी चहा मागितला. बायकोने एकच कप आणला.

*

गप्पही न बसता आणि खरंही न बोलता यातून निसटायची खटपट त्यांनी केली. तीन प्रयत्न.

जावयाला व्हिडिओ कॉल: "व्हिडिओत उजेड कमी आहे. पुन्हा काढू." जावई: "उजेड वाढवला, बाबा. तुम्ही दहा वर्षांनी तरुण दिसताय."

छापखान्याला फोन: "तो पोस्टरवाला मजकूर चुकलाय, थांबवा." छापखाना पलीकडून काय म्हणाला ते त्यांना कळलं नाही. फोनला ओठ नसतात.

शेवटी देवाला: "शनिवार नको." शनिवार आला.

*

पोस्टर खुर्चीच्या बरोबर वर. 'कानसाहेबांनी ऐकलं. तुम्हीही ऐका.' खाली टेबलावर लाल बाटल्यांचा मनोरा, आणि मनोऱ्यामागे जावई, नवा शर्ट घालून. सात-आठ गिऱ्हाइकं आली होती. कानसाहेब खुर्चीत बसले, पण आज पाठ टेकेना. बायकोही आली होती, जेवणाचा डबा घेऊन आल्याचं निमित्त करून.

पुढे आली पाववाली. तिची स्वतःची छोटी व्हॅन, टर्बो पेट्रोल, पहाटे पाव भरून डोंगरावरच्या दुकानांना पोचवायची. गाडीच्या पुस्तकात पंचाण्णवच टाका असं छापलेलं, आणि ती निमूटपणे तेच टाकायची. तिने व्हिडिओ तीनदा पाहिला होता.

"कानसाहेब, एकच विचारते. भरल्या गाडीने चढते मी. पंचाण्णव सोडून एक्क्याण्णव आणि ही बाटली, असं करू ना? तुम्ही हो म्हणा, मग मी दुसऱ्या कुणाला विचारत नाही."

ती त्यांच्या अगदी समोर उभी होती, आणि ओठ स्वच्छ हलवत होती. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती.

कानसाहेबांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने अंगठा वर केला. ताईकडे पाहिलं. ती एका चाकाचे नट आवळत होती, सगळे आवळून झाले होते तरी.

"नाही," ते म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"पंचाण्णवच टाक. भरल्या टर्बोला चढावर साधं पेट्रोल दिलंस तर गाडी ओढायची नाही, आणि बाटलीने काही बिघडलेलं सुधरायचं नाही. मी त्या दिवशी काहीही ऐकलं नाही."

"म्हणजे बाटलीत नॉकिंग नव्हतं, तेच ना!" जावई मधे पडला.

"क मध्ये ऐकलं नाही. ख मध्ये ऐकलं नाही. ग मध्ये ऐकलं नाही." कानसाहेबांनी एक मोठा श्वास घेतला. "कान गेलेत माझे. ते सात ठोके हिच्या गुडघ्याचे होते. तिसऱ्या वेळी ही रुसली, म्हणून बाटली निर्मळ निघाली."

  पाववालीने तोंडावर हात धरला, पण हसू बोटांमधून निसटलं, आणि मग कुणीच आवरलं नाही.

जावई तेवढा पोस्टरकडे बघत होता. "आता या पन्नास प्रतींचं काय करू?"

"मागची बाजू कोरी आहे," ताई म्हणाली. पाना खाली ठेवून ती बापापुढे आली. "कधीपासून, बाबा?"

"झाले काही दिवस."

"बरं. उठा मग."

आवाजात राग नव्हता, आणि दयाही नव्हती. कानसाहेब उठले. गुडघ्यांना हात लावून, हळूहळू, जमेल तितका वेळ लावत उठले. खुर्चीच्या रेग्झिनवर त्यांच्या पाठीचा खोलगटपणा तसाच राहिला.

ताई आता आईकडे वळली. "ख मध्ये सात वेळा गुडघा का मारलास?"

"सात आवाज आले म्हणून," आई म्हणाली. "तीन तर याच्या किल्ल्या, ते नाणं आणि माझी पर्स. चार गाडीच्या पोटातून. पत्रा घासल्यासारखा. गाडी तापल्यावरच येत होता आणि उजव्या अंगाने येत होता. तिसऱ्या फेरीत तर सारखाच."

"पत्रा?" ताई म्हणाली. "उजव्या अंगाला?"

पांढरी गाडी तिथेच उभी होती. ताई फळीवर झोपून गाडीखाली सरकली. बाहेर नुसते बूट. पाठोपाठ आतून ठक, ठक, आणि एक शिवी, आनंदाची. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक तुटकी क्लिप होती, बोटभर लांबीची.

"सायलेन्सरवरचा पत्रा. हिने धरलेला असतो. महिनाभर शोधतेय मी. चार वेळा गाडी वर घेतली, मला कधी वाजलाच नाही तो." तिने काळे हात पँटला पुसले. "आई, शनिवारी मोकळी असतेस का?"

"मी?" आई म्हणाली. "स्वयंपाक कोण करणार?"

सगळ्यांनी कानसाहेबांकडे पाहिलं. कानसाहेबांनी छताकडे.

"तीन-तीन प्रकारची भाजी करतील ते," आई म्हणाली, "एक अळणी, एक खारट. मधली खायची आपण." आणि पर्स मांडीवर घेऊन ती खुर्चीत बसली. पाठ टेकून. थोडं मागेपुढे झाली. "हे इथे खड्डा पडलाय."

"तो माझा आहे," कानसाहेब म्हणाले.

"भरून निघेल."

*

तेव्हापासून शनिवारी खुर्चीत आई बसते. गाडी चालू होते, ती डोळे उघडे ठेवूनच ऐकते आणि म्हणते, "डावं पुढचं दार, आतून." किंवा, "बाई, तुमच्या गाडीला काही झालेलं नाही, बांगड्या काढून चालवा." गिऱ्हाइकं हल्ली दोन रांगांत उभी राहतात. खुर्चीच्या मागे, पाठीवर कोपर टेकवून, कानसाहेब उभे असतात. कुणी ऑक्टेनचं विचारलं तर तासभर सांगतात, आणि मधेच अडवलेलं त्यांना ऐकू येत नाही, हे आता सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कुणी अडवतही नाही. निघायची वेळ झाली की आई उठून त्यांना गुडघ्याने एक धक्का देते.

जावयाने पोस्टर उलटे करून त्यावर ताईचा कागद मोठा करून छापला: 'ज्वाला-३०. एका अंशाचा फरक. मोजलेला.' बाटल्या पूर्वीपेक्षा कमी खपतात, पण परत करायला कुणी येत नाही. पाववाली पंचाण्णवच टाकते.

कानसाहेबांचे कान प्रयोगशाळेतून निवृत्त व्हायच्या सहा वर्षं आधीच गेले होते.